गर्दीत थांबलेल्या पेशी

पिशोरहून विद्यापीठात पीएच.डी.ला आले, तेव्हा मार्गदर्शक सरांनी आयता विषय हातात दिला. एका झाडाच्या पानांचा अर्क पेशींची वाढ थांबवतो, हा त्यांचा दावा. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं तो 'सिद्ध' केलेला. मी फक्त आकडे पुन्हा काढायचे.

पेशी डिशच्या तळाला चिकटून वाढतात. विभागण्याआधी प्रत्येक पेशी आपला डीएनए दुप्पट करते. डीएनएला चमकणारा रंग लावून पेशी यंत्रातून सोडल्या की कोणाची चमक एकपट, कोणाची दुप्पट, ते कळतं. अर्काच्या डिशमध्ये जवळपास सगळ्या एकपट निघत. म्हणजे वाढ बंद. सर खूश.

त्या विद्यार्थ्याची जुनी वही चाळताना माझं डोकं फिरलं. अर्काच्या डिशमध्ये सुरुवातीलाच कितीतरी जास्त पेशी टाकल्या होत्या. अर्कानं काही मरतील म्हणून. त्या मेल्याच नाहीत, अंगाला अंग लागेपर्यंत वाढल्या. आणि या जातीच्या पेशी चहूबाजूंनी एकमेकींना टेकल्या की आपोआप थांबतात.

मी अर्क न घालता डिश गच्च भरली. पेशी थांबल्या. अर्क घालून विरळ ठेवल्या, तर वाढतच राहिल्या, दुप्पट डीएनएवाल्या भरपूर. मग एका गच्च डिशमध्ये पिपेटच्या टोकानं रेघ ओढून जागा मोकळी केली. दुसऱ्या दिवशी काठावरच्या पेशी त्या पट्टीत सरकलेल्या, काही विभागायलाही लागलेल्या.

"सर, अर्काचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "गर्दीमुळं थांबतात."

"माझ्या चुका काढायला घेतलंय का तुला?"

"नाही सर, पण विरळ डिशमध्ये..."

"त्या डिशचे आकडे काढून टाक."

मी काढले नाहीत. तीन दिवसांनी पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर उघडला, तर माझा कप्पा रिकामा. प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई चाचा मोरीपाशी काचसामान धूत होते.

"सर बोले, सब फेक दो. मैं क्या करता, बेटा?"

मी त्यांच्यावरच ओरडले. त्यांनी मान खाली घातली. याची मला अजून लाज वाटते, कारण ओरडायचं होतं ते वरच्या केबिनमध्ये.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मोठ्या माणसाच्या नादी लागू नगं. लई सोसलंस, आता थोडं ऱ्हायलंय." मी फोन ठेवला आणि नव्यानं पेशी वाढवायला घेतल्या. सगळं तीनदा केलं. तीनदा तेच आलं. आकडे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढं ठेवले, मार्गदर्शक बदलून मागितला. "जुळवून घ्यायचं असतं," समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले. तो हसरा चेहरा आठवला तरी माझ्या मुठी वळतात.

वर्ष घालवून बदल मिळाला. आता एका मॅडमकडं आहे आणि माझा प्रबंधच गर्दीवर आहे.

दरम्यान सरांचा लेख छापून आला. विरळ डिश त्यात कुठंच नाहीत. तिसरं नाव माझं. मला विचारलं नव्हतं, मी कुठं सहीही केली नव्हती. नियतकालिकाला मी सगळे आकडे पाठवले, नाव काढा म्हणून लिहिलं. "तपासत आहोत," एवढंच उत्तर आलंय.

विभागातले म्हणतात, नाव तर आलं ना, मग आरडाओरडा कशाला?

नाव आलंय, म्हणूनच.