तीन तास आधी

दिल्लीच्या विमानतळावर एकदा माझं विमान चुकलं. दीड तास आधी पोचले होते, मला वाटलं पुरे झालं. सामानाची रांग, मग तपासणीची रांग, मग बॅग सांभाळत धावणं. गेटवर पोचले तेव्हा दार बंद झालेलं. नव्या नोकरीवर एक दिवस उशिरा रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. तेव्हापासून विमान कुठूनही असो, मी तीन तास आधी हजर.

नागपूरहूनसुद्धा. त्या वर्षी सुट्टी संपवून हुडकेश्वरच्या घरातून निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "अवं, हे काय दिल्ली आहे? एक तास बहुत झाला. तुही आत्या खापरखेड्याहून निघाली आहे, तिले भेटून जा."

आई गेल्यावर मला या आत्यानेच वाढवलं. तिचे यजमान वीज केंद्रात होते; दहावीपर्यंत मी त्यांच्या क्वार्टरमध्येच राहिले. त्या सुट्टीत मात्र तिच्याकडे जायचं राहून गेलं होतं. तरी मी म्हणाले, "पुढच्या खेपेला निवांत जाईन, बाबा."

विमानतळावर अर्ध्या तासात सगळं आटोपलं. गेटजवळच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. कॉफी घेऊन बसले, बराच वेळ फोन चाळत राहिले, तेवढ्यात बाबांचा फोन आला. बोलली आत्या.

"मी बाहेर उभी आहो. दोन मिनिटं येतं का वं? तुले पाहाचं होतं."

"तपासणी झाली आत्या. आता बाहेर सोडत नाहीत."

"विचारून तं पाय."

"नाही सोडत."

"बरं बरं. नीट जा."

मी कुणालाच विचारलं नव्हतं. विमानाला दीड तास होता. कदाचित सोडलं नसतंही. पण चार पावलांवर गणवेशातली एक बाई उभी होती आणि मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. बाबा नंतर म्हणाले, विमान उडेपर्यंत आत्या बाहेरून हललीच नाही.

पुढची खेप दोन वर्षांनी झाली. तोवर काचबिंदूने आत्याचे दोन्ही डोळे गेले होते. दिसणं आता थोड्याच दिवसांचं आहे, असं डॉक्टरांनी तिला, ती विमानतळावर आली त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मला काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तं तू रडत गेली असती."

मग तिने मला जवळ ओढलं. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी, सगळीकडून सावकाश बोटं फिरवली.

"बारीक झाली वं," ती म्हणाली.

मी चांगली जाड झाले होते. "हो आत्या," म्हणाले.