अर्धी बसलेली चाल

जुन्या जॅझच्या नव्याने काढलेल्या रेकॉर्डींचा संच परवा साताऱ्याच्या घरी आला. खोका उघडला, तर त्यात तीच क्लॅरिनेटची चाल होती. ती लावली आणि मिरजेतल्या हुसेनचाचांचं दार आठवलं.

चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या चालीची लाखेची एकच तबकडी त्यांच्याकडे होती. ती ऐकून ते चाल बसवत होते. मी कॉलेजात होतो. चार दिवसांसाठी म्हणून तबकडी मागून नेली, आणि मग ती परत द्यावीशी वाटेना.

"चाचा, तबकडी फुटली," मी दारातूनच सांगितलं. आतलं क्लॅरिनेट थांबलं. चाचा बाहेर आले, तेव्हा अंगाला खोबरेलाचा वास होता. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"फुटू दे रं. हात दाव बघू. कापलं न्हाई न्हवं कुठं?"

माझे दोन्ही तळवे त्यांनी उजेडात धरून निरखले. मग म्हणाले, "अर्धीच बसलीया गड्या. आता तेवढीच वाजवू."

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज ते तळवे निरखणंच तेवढं आठवतं.

पुढे प्रत्येक वरातीत चाचा ती चाल अर्ध्यावर आणून पुन्हा पहिल्यापासून धरायचे. लोक नाचायचे. पुढची चाल त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होती.