भागाबाईचा ठसा

त्या फोनला महिना होऊन गेला. पुतण्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होते आणि तो माझ्याच डोक्यावर होता. "काकू, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ... माझ्या थोरल्या जाऊबाई, भागाबाई, हातातलं काम टाकून कुठं जातील हे डोक्यात शिरेचना.

स्वातंत्र्याच्या दोनेक वर्षं आधी मी आमगावजवळच्या त्या रंगाऱ्याच्या घरी सून होऊन आले. वय चौदा, अक्कल त्याहून कमी, ऐट मात्र पाटलिणीची. माहेरचे आम्हीही रंगारीच, पण केव्हाच शेतीला लागलेले, ठसा मी पाहिलाही नव्हता. इथे काळी माती, चुना, डिंक आणि तांदळाची पेज घोटून लेप करायचे, लाकडी ठशाने लुगड्यावर उमटवायचे, वर धानाचा कोंडा भुरभुरायचे आणि वाळलं की निळीच्या रांजणात बुडवायचे. लेपाखाली नीळ शिरत नाही. मग धुतलं की पांढरी फुलं उघडी पडतात. लेप बायांनी घोटायचा, ठसा पुरुषांनी धरायचा, हा घरचा रिवाज. पण थोरल्या दिरांचा उजवा हात लुळा पडला, सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, नजर मंदावली आणि ठसे दुसऱ्या रंगाऱ्याला देऊन टाकायची बोलणी सुरू झाली. भागाबाईंनी ते स्वतःसाठी मागितले. मामाजी म्हणाले, "लग्नाची चार लुगडी छापायला आली आहेत. साधली तर ठसे तुझे. नाही तर पुन्हा बोलू नको."

तीन दिवस खपून त्यांनी चारही छापली, अंगणात वाळत घातली आणि माती आणायला शेतावर गेल्या. मला येऊन आठच दिवस झालेले. पाहते तर पांढऱ्याशुभ्र लुगड्यांवर चिखल आणि कोंडा. सुनेचा गुण दिसावा म्हणून सगळी तळ्यावर नेली आणि अशी धुतली, की धोबीण लाजावी.

"काय करून राहिली वो?" मागून आवाज आला.

"धुऊन राहिली, बाई. लई मळली होती."

भागाबाई मातीच्या टोपल्यावरच बसल्या. "फुलं काढली होती मी. तू गवतावानी उपटली."

घरी मामाजींनी ओल्या कापडाला हात लावला. "काऊन ओली?"

"लेप पातळ झाला होता, मामाजी. मीच धुवाले लावली. उद्या सांजेपर्यंत पुन्हा छापतो," भागाबाई म्हणाल्या.

माझं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्या छापत होत्या, मी घोटत होते. तळहाताला फोड आले म्हणून कुरकुरले, तर म्हणाल्या, "धुवाले जोर होता, घोटाले काऊन नाही?"

लेप कडक वाळला, नीळ चढली, तेव्हा लुगडी माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, "आता धू."

मामाजींनी पदर नाकाशी धरला. एक ठसा संपून दुसरा कुठे लागतो तो सांधा ते शोधत होते. बराच वेळ. सापडला नाही, तेव्हा ठशांची पेटी त्यांनी भागाबाईंच्या पायाशी सरकवली. त्यानंतर पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या त्यांच्या निळीत बोहल्यावर चढल्या, कुणी मोजल्या नाहीत.

तेराव्याला मी त्या घरातल्या छपाईच्या खोलीत गेले. लेप जमला का हे पाहायला पहिला ठसा भिंतीवर मारायची तिथली रीत. मामाजींची रांग वर, खिडकीपाशी थांबलेली. खाली बुटक्या भागाबाईंची रांग सुरू होते ती कोपरा वळून दारापर्यंत जाते... त्यात एकच फूल उलटं आहे. तेवढं माझ्या हातचं.