बोटाएवढा पापुद्रा

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात एक नियम मीच छापून, प्लास्टिकमध्ये घालून चार ठिकाणी चिकटवला होता : ब्लास्ट केलेल्या जॉबला हात लावू नये. पुढे तीन उद्गारचिन्हं. तिसरं जरा जास्तच झालं असं सगळे म्हणाले, पण खडूस म्हणून माझं नाव आधीच झालेलं होतं. मी क्वालिटी बघते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि खरं सांगायचं तर ते काम मला आवडायचं.

आमच्याकडे झिजलेले शाफ्ट येतात, पंपांच्या स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या नळ्या, येतात; अशा प्रत्येक नगाला आम्ही जॉब म्हणतो. त्यांच्यावर आम्ही धातूचा किंवा सिरॅमिकचा थर फवारतो. गनच्या ज्योतीतून पावडर जाते, वितळते, जॉबवर आदळून चपटी होऊन बसते. याला थर्मल स्प्रे म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं हे वेल्डिंगसारखं असेल. तसं नाही. वेल्डिंगमध्ये दोन धातू एकजीव होतात, इथे थर नुसता धरून बसतो. त्याला धरायला काहीतरी हवं, म्हणून आधी हवेच्या दाबाने बारीक खडे मारून जॉब खरखरीत करायचा. ते ब्लास्टिंग. त्यानंतर जॉबला बोटाचा घाम लागला, तेल लागलं, की तेवढ्या जागी थर धरत नाही. वरून दिसायला सगळं झकास असतं. घासून गुळगुळीत करायला ग्राइंडिंगला घेतलं की पापुद्रा निघतो. शॉपमध्ये याला ‘जॉब उडाला’ म्हणतात आणि माझ्या रिपोर्टात ‘बॉण्ड फेल्युअर’.

हे सगळं मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे गन चालवणारे. घणसोली गावातले आगरी, वय साठीला टेकलेलं, ब्लास्टिंगही स्वतःच करायचे, कारण दुसऱ्याच्या ब्लास्टिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. मी नवीन आले तेव्हा सर्टिफिकेट घेऊन आले होते आणि पहिल्याच दिवशी ब्लास्ट केलेल्या शाफ्टवरून कौतुकाने हात फिरवला होता. ते ओरडले नाहीत. गुपचूप शाफ्ट काढून परत ब्लास्टिंगला नेला आणि म्हणाले, “बाय, ह्याला नजरंनी हात लावायचा.” गन आणि जॉब यांच्यातलं अंतर ते वीतभर राखायचे, मोजपट्टी न घेता, आणि तासभर ते अंतर हलायचं नाही. मी चोरून मोजलं होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता लागोपाठ दोन जॉब उडाले. एकात पावडर दमट निघाली असावी असं मला वाटत होतं, दुसऱ्याचं कारण सापडलं नाही. मालकांनी काकांना माझ्यासमोरच सांगितलं, “तिसरा उडाला ना, तर आपण थांबू या. तुम्ही आराम करा.” मालक वाईट बोलत नाहीत. गोड बोलूनच दार दाखवतात.

त्या दिवशी संध्याकाळी हात धुताना काकांनी मला विचारलं, “बाय, खरा सांग. माजा हात हालतं काय?” मी म्हटलं, नाही काका, अजिबात नाही. ते म्हणाले, “मना आता समजत नाय.” चाळीस वर्षं ज्या हातावर माणूस जगला त्याच्याबद्दल त्याला परक्या बाईला विचारावं लागावं, याचं मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट पुढे मीच केलं.

तिसरा जॉब तळोज्याच्या एका कारखान्यातल्या पंपाची स्लीव्ह होती. तिच्यासाठी त्यांचा प्लांट बंद ठेवलेला, आणि आमच्याकडे खंडेनवमीची पूजा. पूजेच्या दिवशी आमच्याकडे यंत्रं चालवत नाहीत, पण या एका जॉबसाठी सूट मिळाली. काकांनी सकाळी लवकर येऊन ब्लास्टिंग केलं, स्लीव्ह लेथवर चढवली आणि पूजेसाठी शर्ट बदलायला गेले. पूजा आटोपली की लगेच फवारायचं होतं.

शॉपमध्ये बाईमाणूस मी एकटी, त्यामुळे पूजा दरवर्षी माझ्याच गळ्यात. मी साडी नेसले होते. निरांजनात तेल घातलं, वाती सारख्या केल्या आणि ताट घेऊन निघाले. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, सिलिंडरना हळदकुंकू, ब्लास्टिंगच्या खोलीच्या दाराला, गनला, लेथला. डोक्यात घरचं चाललं होतं. नवऱ्याला महापेच्या कंपनीने नारळ देऊन चार महिने झाले होते आणि तो दिवसभर घरात बसून माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच त्याला काढलं. हात आपोआप चालला होता. लेथच्या चकला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याला, बोट टेकवलं, आणि त्याच ओघात शेजारच्या स्लीव्हलाही.

करड्या, खरखरीत धातूवर लाल, तेलकट बोट.  मी आधी पदराने पुसलं. पदराने! कापडाचे तंतू त्या खरखरीत पृष्ठभागात अडकतात, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. मग ॲसिटोनचा बोळा आणून पुसलं. लाल गेलं. तेल गेलं की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

उपाय एकच होता, परत ब्लास्ट करणं. अर्धा तास आणि एक वाक्य : “माझा हात लागला.” मालक सहकुटुंब आलेले, सगळे जिलेबीच्या बशा घेऊन उभे, आणि माझ्या डोक्यावर भिंतीला ती तीन उद्गारचिन्हं. घरात पगार आता एकच. माझ्या तोंडून वाक्य निघालं नाही. आज किती कारणं दिली तरी खरं एवढंच, की मला लाज वाटली आणि मी भ्याले. काका आले, मास्क चढवला, गन पेटवली. मी चार पावलांवर उभी होते. निभावून जाईल, निभावून जाईल, असं देवाचं नाव घेतल्यासारखं घोकत होते. आधी सिरॅमिकला धरून ठेवणारा बॉण्ड कोट बसला, त्यावर सिरॅमिकचा थर चढला. इतकं सुंदर काम त्यांनी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. काम झाल्यावर त्यांनी मास्क काढून माझ्याकडे बघून मान हलवली, जमलं म्हणून.

दसऱ्याची सुट्टी मी घरात कशी काढली ते माझं मला माहीत. सोसायटीत लोक सोनं द्यायला येत होते आणि मी हसून आपट्याची पानं घेत होते.

सुट्टीनंतर ग्राइंडिंगला घेतल्यावर पापुद्रा निघाला. चकच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा. बाकी सगळी स्लीव्ह आरशासारखी. ग्राइंडरवाल्याने मशीन बंद केलं. काकांनी वाकून त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे धरून ट्यूबलाइटच्या उजेडात बघत राहिले, बोटं पसरून. मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

मालक म्हणाले, “मॅडम, रिपोर्टमध्ये कारण काय ते क्लिअर लिहा, कस्टमरला पाठवायचंय.” फॉर्मवर ‘संभाव्य कारण’ असा एक रकाना असतो. मी लिहिलं : फवारणीचं अंतर असमान, ऑपरेटर. माझी सही केली. शेजारी ऑपरेटरची सही लागते. काकांनी वाचलंसुद्धा नाही. मी दाखवलेल्या जागी सही केली आणि म्हणाले, “तू कवा खोटा लिवायची नाय, म्हायती हाय मना.”

ते दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मालकांना काढावंसुद्धा लागलं नाही.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं आरडाओरडा होईल, मला काढतील, आणि गाडी पाठवून काकांना परत आणतील. मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, टेन्शन घेऊ नका. ऑटोमॅटिक मशीनची ऑर्डर मी गणपतीच्या आधीच दिली होती. आज ना उद्या ते जाणारच होते. फक्त हे बाहेर बोलू नका, कस्टमरपर्यंत गेलं तर आपलं नाव खराब.” आणि त्यांनी फोन उचलला. माझी नोकरी शाबूत होती. 

तिथून मी तशीच घणसोली गावात गेले. नव्या टॉवरांच्या मागे त्यांचं बैठं घर आहे. काकी दारातच मासळी साफ करत होत्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. हळू आवाजात म्हणाल्या, “बरी आलीस. जेवतान सुदा डाव्या हातानी. उजव्या हातान काय धरीतच नाय. डाक्टरकर नेला, तो बोलला काय नाय. तरी आयकत नाय.” मला पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

काका खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीखाली घेऊन. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तेलाचं बोट, पदर, ॲसिटोन, रिपोर्ट. काही लपवलं नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेही जमलं नाही.

 काकांनी विचारलं, “तुला कवा समजला?”

“तेव्हाच. तुम्ही गन पेटवायच्या आधी.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. शिव्या घालतील, हाकलून देतील. मला ते हवं होतं, त्याच्यासाठीच मी गेले होते. पण त्यांनी मांडीखालचा हात हळूच बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरला, मूठ मिटली, उघडली. आणि मी तिथे नाहीच अशा तऱ्हेने, आत चुलीशी असलेल्या काकींना त्यांनी मोठ्याने हाक मारली :

“आयकलास काय गो? माजा हात बरा हाय! माजा हात बरा हाय!”