स्पॅनिशमधलं पत्रक

हे लिहावं की नाही, अजून माझं नक्की होत नाही. पण ज्यांच्याबद्दल आहे ते आता भेटत नाहीत आणि चूक माझी होती. एवढं तरी लिहायला हवं.

इंग्लंडमध्ये लेस्टरला मी पब्लिक हेल्थ शिकायला आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सकाळी सहा ते नऊ युनिव्हर्सिटीत सफाईचं काम करायचो. जोडीला एक कोलंबियन गृहस्थ होते, पन्नाशीला टेकलेले. मला ‘मिहो’ म्हणत, म्हणजे ‘लेकरा’. जड मशीन मला उचलू देत नसत. "हात मोडून घेतलास तर तुझी आई मला शिव्या देईल. तेही मला न कळणाऱ्या भाषेत."

माझं डिसर्टेशन लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मध्यमवयीन समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांच्या आरोग्यावर होतं. या गृहस्थांना विषय सांगताना मी अडखळलो. ते लादी पुसत राहिले. मग म्हणाले, "मलाच विचार ना. नमुना समोर उभा आहे."

सामानाच्या खोलीत बादल्या उलट्या घालून आम्ही बसलो. त्यांना एचआयव्ही होता. रोजच्या गोळीने तो इतका दबला होता की तपासणीत सापडत नव्हता, त्यांच्यापासून कुणाला लागण होणार नव्हती. हे त्यांनी सहज सांगितलं. आवाज उतरला तो घराबद्दल बोलताना. ते त्यांच्याच गावाकडच्या चौघांबरोबर राहत, पाचही जण रविवारी एकाच चर्चला जात. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवलेल्या. क्लिनिकमधला दुभाषा त्याच चर्चचा निघाला, तेव्हापासून ते मोडक्या इंग्रजीवर भागवत.

"झोप लागते?" मी यादीतला पुढचा प्रश्न विचारला.

"गोळी रक्ताचं बघते, मिहो. बाकीचं कोण बघणार?"

मी ‘क्वचित’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

मुलाखतीनंतर मदत कुठे मिळेल याचं पत्रक द्यायचा नियम होता. माझ्याकडे इंग्रजीतलं होतं. मला माझे वडील आठवले. ते सोलापूरला लूमवर विणकर होते. हॉस्पिटलचा इंग्रजी कागद हातात घेऊन तो वाचून देणारा शोधत फिरायचे. मी डिपार्टमेंटच्या मागे लागून पत्रक स्पॅनिशमध्ये करून घेतलं. एचआयव्ही, नैराश्य, पुरुषांशी संबंध, सगळं ठळक अक्षरात. ते देताना मला अभिमान वाटत होता.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "इंग्रजीतलं नाही?"

"तुमच्यासाठी मुद्दाम केलंय."

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते घडी करून जॅकेटच्या खिशात ठेवलं. फेकायचं मनात होतं, पण राहून गेलं, असं नंतर म्हणाले.

चार दिवस ते कामावर आले नाहीत. पाचव्या दिवशी बॅग घेऊन आले. घरातल्या एकाने लायटरसाठी त्यांच्या जॅकेटचा खिसा चाचपला होता.

"इंग्रजी असतं तर कौन्सिलचा कराबिराचा कागद समजून परत ठेवला असता त्याने. आमच्यात इंग्रजी कोण वाचतो?"

"भांडले का?"

"नाही रे. माझा कप तेवढा वेगळा ठेवला."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तू चांगलंच करायला गेलास," आणि त्याने मला जास्तच वाईट वाटलं. लीड्सला एका ओळखीच्याकडे सोफा होता, तिकडे ते निघाले होते.

"गोळ्या आहेत ना?"

"आहेत थोड्या."

"किती दिवसांच्या?"

"हा प्रश्न यादीत आहे का, मिहो?"

पुढे दोनदा त्यांनी फोन उचलला. दुसऱ्यांदा मी लीड्समधल्या क्लिनिकचा पत्ता सांगू लागलो. ते मध्येच म्हणाले, "गोळ्या संपल्या. आणि खरं सांगू, संपल्या ते बरं वाटलं. लपवायला काही उरलं नाही." मी क्लिनिकचं नाव पुन्हा सांगितलं. ‘हो’ म्हणाले. त्यानंतर फोन बंदच आहे. लीड्सला मी एकदा जाऊन आलो, पण त्यांचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.

डिसर्टेशनला चांगले मार्क मिळाले. सुपरवायझरने स्पॅनिश पत्रकाचं खास कौतुक केलं होतं. आईला फोनवर तेवढंच सांगितलं. ती शेजारच्यांना पेढे वाटून आली.

उरलेली पत्रकं माझ्या खोलीत आहेत. मी इथे राहतो त्या घरात स्पॅनिश कुणालाच वाचता येत नाही. तरी ती मी कपड्यांच्या खाली ठेवली आहेत.