खतरा साहेबांबरोबर बेटावर

खतरा साहेब आधी समोरच्याचे बूट पाहायचे, नाडी बांधली आहे याची खात्री करायचे आणि मगच नमस्कार करायचे. दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना, तिथे ते सुरक्षा अधिकारी होते. माणूस मराठी, पण तीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे बोलणं निम्मं हिंदी. दर दोन वाक्यांनी "इसमें खतरा है" यायचं, म्हणून हे नाव. मला ते कधीच आवडले नाहीत आणि आज त्यांचं गुणगान करायला बसलोय असंही नाही.

त्यांच्या एका खोडीने तर सगळे वैतागलेले असत. कुणाला काही लागलं, की दुसऱ्या सकाळच्या सभेत त्याला सगळ्यांपुढे उभं करायचे. "कैसे लगा, बताओ." माझं बोट कापलं तेव्हा साठ माणसांपुढे मी दहा मिनिटं उभा होतो. वर मराठीत ऐकवलं, "शिंदे, लाज वाटू दे, म्हणजे लक्षात राहील." तेव्हापासून आम्ही सगळेच खिशात पट्ट्या बाळगायला लागलो आणि लागलं तरी मुकाट्याने झाकायला.

अशा रीतीने वर्षभरात एकही अपघात नोंदला गेला नाही, म्हणून कंपनीने आम्हाला बायकामुलांसह अंदमानातल्या एका लहानशा बेटावर सहलीला नेलं. साहेबही आले. आमच्या सुट्टीचा विचका करायला ते एकटे पुरेसे होते. सकाळी सातला नारळाच्या झाडांखाली सभा. पाणी उकळलेलंच प्या, कापून ठेवलेली फळं खाऊ नका, भर दुपारी उन्हात फिरू नका, समुद्रात उतरताना पायात रबरी बूट हवेतच, कारण प्रवाळाने पाय कापतो आणि ती जखम चिघळते. एका बाईंच्या हातातली पपईची फोड त्यांनी सरळ काढून घेतली. "वहिनी, इथे डॉक्टरकडे जायला बोट लागते, आणि बोट रोज नसते." आम्ही पाठीमागे पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोचा, सुनीताचा, तळवा प्रवाळाने कापला. "राहू दे ते बूट" असं मीच म्हणालो होतो. ती म्हणाली, "साहेबांकडे औषध असेल ना."

"बिल्कुल नको. उद्या सगळ्यांपुढे उभं करेल तो तुला," मी म्हणालो. पट्टी लावली, वर मोजा चढवला आणि तिला घेऊन जेवायला गेलो.

चौथ्या सकाळी ती तापाने फणफणली होती. पाय टम्म सुजलेला, घोट्याच्या वरपर्यंत लाल. मी धावत साहेबांकडे गेलो. उकळून गार केलेल्या पाण्याने त्यांनी जखम धुतली आणि लाली जिथे संपत होती तिथे बॉलपेनने रेघ मारली. तासाभरात लाली रेघेच्या वर सरकली. कंपनीची बोट दुसऱ्या दिवशी होती. साहेब बाहेर गेले आणि एका कोळ्याची इंजिनाची होडी ठरवूनच परतले. भरसमुद्रात दोन तास ते सुनीताचा पाय मांडीवर उंच धरून बसले होते.

"वहिनी, लपवायला कोणी सांगितलं?"

"मीच लपवलं," सुनीता म्हणाली.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी पाण्याकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर पाय वाचवणं कठीण होतं.

मानेसरला परतल्यावर पहिल्याच सभेत साहेब स्वतःच सगळ्यांपुढे उभे राहिले. "टापू पर जो हुआ, उसमें गलती मेरी है. लोग मुझसे डरते हैं, इसलिए बताते नहीं." वरच्यांना ते नकोच होते, कारण खतरा दिसला की हा माणूस चालू मशीन बंद करायचा. कबुली आयती हातात पडली आणि महिनाभरात त्यांची लांबच्या कारखान्यात बदली झाली.

सभेच्या त्या सकाळी मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढा मोठेपणा करायला कुणी सांगितला होता? मी दुसऱ्या रांगेत होतो. एक पाऊल पुढे टाकून एवढंच म्हणायचं होतं, की लपवायला मी सांगितलं. शेजारच्याने हळूच विचारलं, "भाभी अब ठीक हैं?" मी मान हलवली आणि रांगेतच उभा राहिलो.