तीन बोटांचं तोंड

नेवाशाकडच्या त्या गावात छबूबाईइतकी बोलघेवडी बाई दुसरी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती नवऱ्याबरोबर, मच्छिंद्रबरोबर, खडी फोडायला जाऊ लागली. भूक मारायला गालात सुपारीचं खांड धरायची सवय तिला होतीच. कामावर ती सवय दिवसभराची झाली. पुढं पुढं झोपतानाही खांड गालातच.

आधी तिखट झोंबू लागलं. तिनं कालवणात मिरची कमी घातली, तर मोठी जाऊ केशरबाई फणकारली, "दुष्काळात बाईला नखरं सुचाया लागलं!"

मग फुंकणी तोंडाला लावली की गालच फुगेनात. चूल धुमसत राही. भाकरीचा घास आत जाईना, म्हणून ती काला करून बोटानं सारायची. बोलणंही आटत गेलं. कुणी म्हणालं, करणी हाय. भगतानं अंगारा दिला, तोही जिभेला झोंबला.

शेवटी मच्छिंद्रनं तिला यष्टीनं नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरून गाल आतून चाचपला.

"पांढरा पडलाय, दोरीसारखा ताठ झालाय. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, तुमच्या एकच मावतंय. काय चघळता?"

"सुपारी. तंबाखू न्हाई हो, निस्ती सुपारी."

"तिनंच झालंय हे. आतली मऊ कातडी आखडत जाते, ओलं चामडं वाळावं तशी."

"पयल्यावानी व्हईल का?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "पूर्ण नाही. पण सुपारी सुटली तर वाढायचं थांबेल, थोडं मोकळंही होईल. दाखवायला मात्र येत राहा. अशा तोंडात पुढं कॅन्सर होऊ शकतो."

गालात आतून सुया टोचल्या, तेव्हा छबूबाईनं मच्छिंद्रचं मनगट करकचून धरलं. घरी दातांत पातळ लाकडी पट्ट्या धरायच्या, सवय झाली की आणखी एक सरकवायची. डोळ्यांतून पाणी वाहायचं. सुपारीची तलफ तर त्याहून वाईट. ती उगाच भांडायची, मच्छिंद्र मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. पुढचा पाऊसकाळ आला तोवर मिरची पुरती सोसत नव्हती, पण भाकरी चावता येऊ लागली होती.

एकदा जेवताना तिनं पाहिलं, केशरबाई चटणी ताटाच्या कडेला सारतेय.

"आक्का, तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला."

"मला काय धाड भरलीया?"

"घाला तर!"

दोन गेली. तिसरं दातांवरच अडलं. केशरबाईचा चेहरा उतरला, हात कमरेच्या सुपारीच्या चंचीवर गेला आणि तिथंच थांबला. नखऱ्याची गोष्ट छबूबाईच्या ओठावर आली होती. तिनं ती गिळली.

"तुमचं लवकर घावलंय, आक्का. उद्याच्या यष्टीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी गाडी नगरच्या वेशीत शिरली, तेव्हा केशरबाईनं हळूच विचारलं, "सुई लई दुखती का गं?"

"दुखती," छबूबाई म्हणाली. "माझा हात धरा."